विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ: कॅमेरा हातात घेण्याआधी किती तयारी हवी?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

कोल्हापुरात मास मीडियाच्या मुलांना व्हिडिओ शिकवतो. शेवटच्या वर्षाला म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प असतो, त्याला सहा आठवडे मिळतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: त्यातले पहिले चार आठवडे कॅमेरा कपाटात राहिला पाहिजे. मुलं नेमकं उलटं करतात. पहिल्याच रविवारी कॅमेरा घेऊन पन्हाळ्याला जातात आणि शेवटच्या आठवड्यात "सर, मधल्या कडव्याला लावायला काहीच नाही" म्हणत येतात.

यंदाच्या एका गटाचं सांगतो. गाणं त्यांचं स्वतःचं. शब्द एका मुलीचे, चाल वर्गातल्याच मुलाची, लांबी ३ मिनिटं ४० सेकंद. विषय तिच्या आजोबांचं गुऱ्हाळ, जे पुढच्या हंगामात बहुतेक लागणार नाही. पहिल्या बैठकीला त्यांचं प्लॅनिंग म्हणजे फोनमधले वीस-बावीस स्क्रीनशॉट होते, सगळे दुसऱ्यांच्या व्हिडिओंतले. म्हटलं, आधी गाणं मोजा. लय ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके, म्हणजे चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा. २२० सेकंदांत ८८ बार. दर दोन बारांना शॉट बदलला तरी ४४ शॉट. जागा ठरवणं, लाइट, फोकस, तालीम आणि दोन टेक धरून शॉटमागे पंधरा मिनिटं लावली की झाले अकरा तास. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. जेवायलाही न थांबता एक अख्खा दिवस, आणि यादीत जागा होत्या चार! फळ्यावर हे मांडल्यावर दिग्दर्शन करणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनंच उठून रंकाळा आणि पन्हाळा खोडले.

मग त्यांना नुसती वही आणि घड्याळ देऊन गुऱ्हाळावर पाठवलं. एक आधण, म्हणजे रस उकळून गूळ होण्याची एक खेप, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघा म्हटलं. तिथं त्यांना दिसलं की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक बोटांवर घेऊन बघतो आणि काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायची खूण करतो, ते क्षणात होतं. त्याला "काका, परत एकदा" म्हणता येत नाही, त्याचा गूळ बिघडेल. म्हणून त्या एका क्षणाला दोन कॅमेरे लावायचे ठरले. थंड कॅमेरा वाफेत नेला की काच धुरकटते हेही एकाच्या चष्म्यावरून कळलं, म्हणून शॉटच्या आधी थोडा वेळ कॅमेरा चुलवाणाजवळच्या उबेत ठेवायचा असं वहीत लिहिलं. हे शूटिंगच्या दिवशी कळलं असतं तर तो क्षण गेला होता.

तुमचा अनुभव सांगा. विरोध असेल तर जरूर सांगा.

एकच_टेक

सर, आदर ठेवून सांगतो, अजिबात पटलं नाही.

मी इचलकरंजीचा, रॅप करतो. आमचा पहिला व्हिडिओ मित्राच्या यंत्रमागावर शूट झाला, रात्रपाळी सुरू असताना, एका फोनवर. स्टोरीबोर्ड (शॉटची आधी काढलेली चित्रं) नाही, शॉटलिस्ट नाही. गाणं लिहून चार दिवस झाले होते आणि ज्या रागातून ते आलं तो राग अंगात होता. तो चार आठवडे टिकत नाही हो. महिनाभर बैठका घेतल्या असत्या तर मी कॅमेऱ्यासमोर रागाचा अभिनय केला असता, आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

दुसरं, कॉलेजातली तयारी मी जवळून बघितली आहे. ट्रीटमेंट, मूडबोर्ड, शॉटलिस्ट, रेकीचे फोटो, सगळं स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. गुण फाइलला मिळतात. मुलं फाइल उत्तम करायला शिकतात आणि व्हिडिओ मात्र सगळ्यांचे सारखे दिसतात.

हिशेबवही

मी दोघांशीही भांडणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रकल्पात प्रॉडक्शन माझ्याकडे होतं. दिग्दर्शकाचा स्टोरीबोर्ड सुंदर होता, साठ चौकटी, पेन्सिलनं शेडिंग केलेल्या. नदीकाठी नऊवारीतल्या चौदा मुलींचा नाच. एकाही चौकटीत हे नव्हतं की चौदा जणी लुगडी बदलणार कुठं, बाथरूमला जाणार कुठं, आणि सूर्यास्ताचा शॉट झाल्यावर सव्वासातची शेवटची एसटी कशी गाठणार. चौघींच्या घरून फोन आले तेव्हा ते मी घेतले. एकीच्या बाबांना मी शब्द दिला होता की आठच्या आत पोरगी घरी येईल. ती पावणेदहाला पोचली. त्यांनी नंतर तिला कशातच भाग घेऊ दिला नाही. ते मला अजून लागतं.

एकच_टेक, तुमचा राग तुमचा आहे, तुम्ही रात्रभर मागावर थांबू शकता. चौदा मुलींना घेऊन "सुचेल तसं करू" चालत नाही. आणि सर, शॉट मोजायला शिकवलंत ते बरोबरच आहे, पण माणसं मोजायला कोण शिकवतं? कुणी किती वाजता यायचं, कुणाला कुणी घरी सोडायचं, डबा कुणाचा, पाणी किती, हे एका कागदावर आदल्या रात्री प्रत्येकाच्या फोनवर गेलं पाहिजे. कॉल शीट म्हणतात त्याला. आमच्याकडे त्याला शून्य गुण होते. श्रेयनामावलीत माझं नाव 'विशेष सहकार्य' मध्ये आलं.

धुरकट

कॅमेरा असिस्टंट म्हणून काम करतो. एकच_टेक, एक विचारू? मागाच्या शेडमध्ये जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट होत्या का? व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले असतील.

एकच_टेक

हो दादा, दिसले. पहिल्या रात्रीचं सगळं फुकट गेलं. दुसऱ्या रात्री परत केलं.

धुरकट

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तसली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन आपोआपच्या सेटिंगला सेकंदाला ३० फ्रेम धरतो आणि शटर मनाला येईल तसं बदलतो, दोन्हींचा मेळ बसत नाही. मॅन्युअल अ‍ॅप घेऊन २५ फ्रेम आणि शटर सेकंदाच्या १/५० ला पक्कं करायचं, पट्टे जातात.

दुसरी गोष्ट, जी जवळपास प्रत्येक विद्यार्थी गटाची चुकते. गायक स्लो मोशनमध्ये चालतोय पण ओठ गाण्याशी जुळलेत असा शॉट हवा असेल, तर ५० फ्रेमनं शूट करताना गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं आणि गायकानं त्याच वेगात ओठ हलवायचे. नंतर २५ ला चालवलं की ओठ बरोबर बसतात. तो दुप्पट वेगाचा ट्रॅक आदल्या दिवशी तयार हवा आणि गायकाची त्यावर तालीम हवी. जागेवर जाऊन सुचलं तर काहीच करता येत नाही. स्पीकरही दणदणीत न्या, फोनच्या स्पीकरवर नदीकाठी ऐकू येत नाही.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

एकच_टेक, म्हणजे पहिली रात्र तुमची टेस्ट शूट झाली. जागा कळली, लाइट कळला, मग दुसऱ्या रात्री व्हिडिओ झाला. यालाच मी तयारी म्हणतो.

एकच_टेक

नाव काहीही द्या सर. पण ती तयारी कॅमेरा हातात धरून झाली. तुम्ही तर कॅमेरा कपाटात ठेवायला सांगताय. पट्टे कुठल्या फाइलमध्ये दिसले असते?

आणि इतिहासच बघायचा तर दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मागायला जाताना कागद नेला नव्हता. कुंडीत वाटाणा लावला, महिनाभर एकेक फ्रेम घेतली आणि वेल उगवताना पडद्यावर दाखवला. पैसे देणाऱ्याची खात्री त्या फिल्मनं पटली.

बुजगावणं

फाळक्यांचं उदाहरण उलटं पडतंय तुमच्यावर. महिनाभर ठरलेल्या अंतरानं एकेक फ्रेम घ्यायची, कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, याहून काटेकोर आखणी कुठली?

माझा आक्षेप वेगळा आहे. स्टोरीबोर्ड म्हटलं की ज्याला चित्र काढता येत नाही तो गप्प बसतो आणि ज्याला येतं तो दिग्दर्शक होतो. आमच्या गटात असंच झालं. गाण्याची सगळ्यात चांगली समज ज्या मुलाला होती तो दोन बैठकांनंतर बोलायचाच बंद झाला.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

बुजगावणं, हे मनाला लागलं, कारण मी स्टोरीबोर्डचा आग्रह धरतो. आमच्या गावचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रपट उभा करताना कपड्यांची, पात्रांच्या हालचालींची रेखाटनं ते आधी करून ठेवत. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. पण त्यांचा हात होता, प्रत्येकाचा नसतो. फोटो काढून चौकटी करा, हॉस्टेलच्या खोलीत मित्राला उभं करून करा, ते फोटो गाण्यावर एकामागून एक लावून बघा. मधलं कडवं रिकामं आहे हे तेव्हाच दिसतं. यंदापासून हे लेखी करतो.

एकच_टेक, कपाटाचं मागे घेतो. तुमचं बरोबर आहे. जागेवर, त्याच वेळेला, त्याच लाइटमध्ये टेस्ट पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. शॉटची यादी मात्र सोडणार नाही.

हिशेबवही, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. आमच्याही गुणपत्रिकेत कॉल शीट नाही. पुढच्या बैठकीत मांडतो.

सूरपेटी

गाण्याच्या हक्काबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. सगळ्या तयारीत पहिलं काम हे आहे. आमच्या गटानं एक गाजलेलं गाणं घेतलं, पाच आठवडे मेहनत केली, यूट्यूबवर टाकलं आणि तासाभरात ब्लॉक. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. 'क्रेडिट दिलंय' असं खाली लिहून परवानगी मिळत नाही.

एकच_टेक

कॉलेजच्या प्रकल्पासाठी कोण विचारतं ताई? वर्गातच दाखवायचा आहे.

सूरपेटी

वर्गातच राहिला असता तर प्रश्न नव्हता, पण प्रत्येकाला तो नोकरी मागताना दाखवायचा असतो, फेस्टिव्हलला पाठवायचा असतो. तिथं पहिला फॉर्मच संगीताच्या परवानगीचा.

पारंपरिक ओवी घेतली की मोकळे, असंही मुलांना वाटतं. ओवीचे शब्द लोकांचे आहेत, ते घ्या. पण ती ज्या कॅसेटवरून घेतली त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण आहे, कवी आणि संगीतकाराच्या बाबतीत मृत्यूनंतर ६० वर्षं. आजीकडून ओवी गाऊन घ्या आणि स्वतः रेकॉर्ड करा, नाहीतर सरांच्या मुलांसारखं गाणं स्वतःच करा. वर्गातल्या मित्राची चाल असली तरी त्याच्याकडून एका कागदावर सही घ्या. मैत्री तुटली की व्हिडिओ अडकतो, हेही बघितलंय.

धुरकट

जागेचंही तसंच. एका गडावर आम्ही तिपाई उघडली आणि पाच मिनिटांत खाली उतरवलं आम्हाला. संरक्षित स्मारकावर तिपाई, लाइट लावून शूटिंग करायचं तर लेखी परवानगी आधी काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. आता पन्हाळा २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा 'हातात फोन आहे, कोण बघतंय' हा विचार सोडा.

हिशेबवही

सर, गुणपत्रिकेत आणणार म्हणालात, त्याबद्दल मनापासून आभार. एक जोडते. गुऱ्हाळावरच्या माणसांना विचारलं होतं का? त्यांच्या कामाच्या वेळेत आपण दोन कॅमेरे घेऊन मध्ये उभे राहतो.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

विचारलं होतं. मुलीनं आजोबांना विचारलं, आजोबांनी गुळव्याला. त्यानं एकच अट घातली, काहील उतरवताना कुणी मध्ये यायचं नाही. मुलांनी जमिनीवर चुन्यानं रेघ मारून घेतली आणि कॅमेरे रेघेच्या अलीकडे ठेवले.

एकच_टेक

शेवटचं विचारतो. ४४ पैकी किती शॉट व्हिडिओत राहिले? आणि बघणाऱ्यांना कुठला आवडला? खरं सांगा.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

खरं सांगतो. एकतीस राहिले. आणि ज्या शॉटला वर्ग शांत झाला तो यादीत नव्हता. आजोबा चुलवाणात चिपाड सारत होते, नात जवळ उभी होती. जाळ अंगावर येईल म्हणून त्यांनी तिच्याकडे न बघताच डाव्या हातानं तिला मागं सारलं. लहानपणापासून सारत आले असतील तसंच.

एकच_टेक

यादीत नव्हता. मी हेच म्हणतोय सर.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

ती तिथं उभी होती कारण सत्तावीस नंबरच्या शॉटला ती जागा ठरली होती. कॅमेरा आधीपासून उबेत ठेवलेला, म्हणून काच स्वच्छ होती. आणि टेक संपल्यावरही रेकॉर्डिंग लगेच बंद करायचं नाही, असं वहीत लिहिलं होतं.

एकच_टेक

ती शेवटची ओळ माझ्या पुढच्या व्हिडिओला घेतो. बाकीचं अजून पटायचंय. गुऱ्हाळाचा व्हिडिओ टाकलात की लिंक द्या, बघायचाय.