फ्लू ओसरल्यावर न्यूमोनिया का होतो?

प्रश्न असा, की फ्लूमुळे प्रतिकारशक्ती आधीच जागी झालेली असते, मग त्यापाठोपाठ बॅक्टेरियाचा न्यूमोनिया उलट सहज कसा होतो? जागी झालेली फौज वेगळ्या शत्रूसाठी असते, म्हणून.

फुप्फुसातला वायुकोश म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटरचा फुगा. त्याच्या आतल्या अंगाने मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी फिरत असतात. श्वासातून थोडे न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारे बॅक्टेरिया) आत आले तर त्या गाजावाजा न करता गिळून टाकतात. सूज येऊ न देणं हेही त्यांचंच काम, कारण तिथे पाणी साचलं की ऑक्सिजन अडतो. जंतू आवरेनासे झाले की मगच त्या सायटोकाइन ही निरोप देणारी प्रथिनं सोडून रक्तातल्या न्यूट्रोफिलना (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) बोलावतात; ते काही तासांत पोचतात.

विषाणूचं तसं नाही. तो पेशीच्या आत लपतो. त्याला आधी इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारी प्रथिनं) आणि मग, साधारण आठवड्याभरात, बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी लागतात. घोळ इथेच होतो! टी पेशी सोडतात त्या इंटरफेरॉन-गॅमामुळे मॅक्रोफेजवरचा ‘मार्को’ हा जंतू पकडणारा रिसेप्टर कमी होतो (उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलंय). त्यात श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलेलं, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस झडलेले. १९१८च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागाहून आलेल्या बॅक्टेरियामुळेच झाले.

त्यामुळे फ्लूचा ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दिवसापासून स्वतःच अँटिबायोटिक सुरू करणं मात्र चूक. विषाणूवर ते चालत नाही.