पासफ्रेज सारखा विचारतो म्हणून काढूनच टाकायचा?

टर्मिनलकर: एसएसएच चावी, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी गुप्त फाइल, पासफ्रेजने (लांब पासवर्डने) कुलूपबंद असते. म्हणून गिट पुल केलं, म्हणजे सर्व्हरवरून कोड आणला, की पासफ्रेज; पुश केलं, म्हणजे तिकडे पाठवला, की पुन्हा पासफ्रेज. वैतागलेल्या माणसाला सर्रास सल्ला मिळतो: पासफ्रेज बदलणारी 'एसएसएच-कीजेन -पी' ही कमांड चालवा, नवा पासफ्रेज रिकामा ठेवा. मला हे साफ नामंजूर आहे. होम फोल्डरचा बॅकअप भलत्याच्या हाती लागला, तर चावी त्याला आयतीच मिळते. एसएसएच-एजंट हा पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्राम याचसाठी आहे. 'एसएसएच-ॲड' केलं की उघडलेली चावी तो मेमरीत धरून ठेवतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ॲडकीजटूएजंट येस' लिहिलंत तर तेवढंही करावं लागत नाही. पहिल्या वापरातच चावी एजंटकडे जाते.

उघडंदार: माझी डिस्क एन्क्रिप्टेड आहे, बॅकअपही. मग पासफ्रेज वाचवतो कुणापासून? चालू मशीनवर माझ्या खात्यात कुणी शिरलाच, तर तो एजंटच्या सॉकेटवरून (प्रोग्राम एजंटशी बोलतात ती वाट) माझ्या नावाने सह्या, म्हणजे ओळख पटवणारे चावीचे पुरावे, करून घेईल. तुमचा एजंट त्याला अडवणार नाही.

टर्मिनलकर: सह्या घेईल, खरंय. पण एजंट चावी हातात देत नाही. बिनपासफ्रेजची चावीची फाइल एकदा कॉपी झाली, की सर्व्हरवरून ती चावी रद्द करेपर्यंत कुठूनही चालते. शिवाय 'एसएसएच-ॲड -टी ३६००' दिलं तर एजंट तासाभराने चावी टाकून देतो. '-सी' दिलं तर प्रत्येक वापराआधी विचारतो.

रात्रपाळी: तत्त्वाचं राहू द्या, बरेच जण एजंट लावूनही अडकतात. कारण बहुतेकदा बॅशआरसीमधली (टर्मिनल उघडताच चालणारी फाइल) एजंट सुरू करणारी 'इव्हॅल' ओळ. प्रत्येक नव्या टर्मिनलला नवा, रिकामा एजंट सुरू होतो. जुने मागे तसेच पडून राहतात. 'एसएसएच-ॲड -एल' करून बघा, एकही चावी दिसणार नाही. आधीचा एजंट जिवंत असेल तर तोच वापरा. मॅकवर एसएसएच कॉन्फिगमध्ये 'यूजकीचेन येस' जोडा, म्हणजे पासफ्रेज मॅकच्या कीचेनमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) राहतो. विंडोजवर एजंटची सर्व्हिस मुळात बंद असते, आणि गिट स्वतःबरोबर आणलेलं वेगळंच एसएसएच वापरत असतं. गिटच्या 'कोअर डॉट एसएसएचकमांड' या सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पाथ द्या.

उघडंदार: आणि बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोड आपोआप आणून बांधणारं मशीन? मध्यरात्री तिथे पासफ्रेज कोण टाकणार?

टर्मिनलकर: तिथे बिनपासफ्रेजचीच, पण वेगळी डिप्लॉय की: एकाच रिपॉझिटरीपुरती (एका प्रकल्पाच्या कोडपुरती), फक्त वाचण्याचा अधिकार असलेली. माझी स्वतःची चावी तिथे कदापि ठेवणार नाही.

उघडंदार: एवढीच काळजी असेल तर हार्डवेअर चावी, म्हणजे चावी आतच ठेवणारं छोटं उपकरण, घ्या. ओपनएसएसएच (एसएसएचचं प्रचलित सॉफ्टवेअर) ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, सोय आहे. बोट लावल्याशिवाय सही होत नाही.

रात्रपाळी: दिवसभर पुल करणाऱ्याने दर वेळी बोट लावायचं? सुटका हवी होती ती नेमकी याच व्यत्ययापासून.