पछाडलेल्या जागांवर कमी बजेटचा माहितीपट : अंधारातलं चित्रण आणि आवाज

पारिजात :
लोक ज्यांना पछाडलेल्या म्हणतात अशा दोन पडीक इमारतींवर साधारण २५ मिनिटांचा माहितीपट करतो आहोत. माणसं तीन. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स (एफ ३.५ ते ५.६; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), एक छोटं एलईडी पॅनल आणि एक कॉलर माइक एवढंच सामान आहे. चाचणीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० वर काळ्या भागात प्रचंड नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आला. पॅनल कॅमेऱ्यावर लावलं की हवेत पांढरे गोळे तरंगताना दिसतात. प्रेक्षकाला भीती वाटायला हवी, पण फसवणूक करायची नाही. मग हे गोळे ठेवावेत का? आणि आणखी एकच वस्तू घेता येईल, तर लेन्स घ्यावी की आवाजाचं काही?

निशाचर :
आधी गोळ्यांचं. ती धूळ आहे. पॅनल लेन्सला चिकटून असलं की अगदी जवळच्या कणांवरून प्रकाश थेट परत येतो, आणि कण फोकसबाहेर असल्यामुळे त्याची गोल चकती दिसते. पॅनल कॅमेऱ्यावरून काढून बाजूला, ४५ अंश किंवा त्याहून जास्त कोनात, लांब स्टँडवर लावा. गोळे जवळपास नाहीसे होतील. पुरावा म्हणून ते अजिबात दाखवू नका. दाखवायचेच असतील तर कॅमेरा न हलवता, एकाच शॉटमध्ये लाइट बाजूला नेऊन ते जाताना दाखवा. प्रेक्षकाचा तुमच्यावर विश्वास बसायला तो एक शॉट पुरेल.

आता अंधार. खऱ्या काळोखात शूट करण्याचा हट्ट सोडा. बाहेरचे सगळे शॉट सूर्यास्तानंतरच्या २०-३० मिनिटांत उरका; आकाशात निळा उजेड असतो आणि इमारतीची कड सुटी दिसते. आत पॅनल खिडकीबाहेर, शक्य तितकं दूर ठेवा. पॅनलच्या प्रकाशाचा रंग ५६०० केल्विनवर आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० वर ठेवला की चांदण्यासारखी हलकी निळी झाक येते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद. ट्रायपॉडवरच्या निर्जीव शॉटला १/२५ चालतं, एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड फुकट मिळतो. माणूस चालत असेल तर मात्र तो फरफटल्यासारखा दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शॉट हवा त्यापेक्षा एक स्टॉप उजळ घ्या आणि एडिटमध्ये खाली आणा. गडद घेऊन नंतर उजळायला गेलात की नॉइज वर येतोच. माझं मत लेन्सला : ३५ मिमी, एफ १.८. किट लेन्सच्या ५५ टोकाशी तुलना केली तर तीन स्टॉपहून जास्त फरक पडतो, म्हणजे आयएसओ १२८०० चं काम १६०० च्या आत होतं.

खर्जातला :
लेन्सबद्दल मी असहमत आहे. वर सांगितल्याप्रमाणे लाइट लावला तर किट लेन्सवर निभावतं. वाईट आवाजावर मात्र इलाज नसतो, आणि या विषयात भीती कानातून येते. साधा रेकॉर्डर आणि चांगला माइक घ्या. रेकॉर्डरमधल्या ३२-बिट फ्लोटमुळे (अगदी हलका आणि अगदी मोठा आवाज दोन्ही मावणारी रेकॉर्डिंगची पद्धत) अचानक दार आपटलं तरी आवाज फाटत नाही, पण त्याने माइकचा स्वतःचा सूं आवाज कमी होत नाही. शांत खोलीसाठी कमी सेल्फ-नॉइजचा माइकच लागतो. रेकॉर्डर २४-बिट असेल तर बोलण्याची शिखरं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ.

ऑटो गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी आपोआप बदलणारी सोय, बंदच हवा. तो शांततेत आपोआप वाढत जातो, दूरची कुजबूज आणि सर्किटची खरखर वर आणतो, आणि त्यात लोकांना शब्द ऐकू येतात. ‘भुताचे आवाज’ म्हणून फिरणाऱ्या अनेक रेकॉर्डिंगांमागे हेच असतं.

रिकाम्या खोलीत शॉटगन माइक (समोरचाच आवाज टिपणारा लांब माइक) पोकळ वाजतो, कारण भिंतींवरून परत येणारा आवाज तो नीट गाळू शकत नाही. मुलाखतीला कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि फ्रेमबाहेर जाड चादरी टांगा. प्रत्येक खोलीचा ६० सेकंद नुसता आवाज घ्या, सगळे स्तब्ध, फोन फ्लाइट मोडवर. पावलं, कडी, बिजागरी वेगळी रेकॉर्ड करा.

मिक्समध्ये इन्फ्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा अतिखर्ज आवाज) घालण्याचा सल्ला कुणी दिला तर टाळा. ब्रिटिश अभियंते विक टँडी यांनी १९९८ च्या लेखात प्रयोगशाळेतल्या अस्वस्थतेचा संबंध एका पंख्यातून येणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या लहरीशी जोडला होता. माहितीपटात सांगायला ही गोष्ट उत्तम आहे. पण फोनच्या स्पीकरला १९ हर्ट्झ वाजवताच येत नाही. त्यापेक्षा भीतीच्या शॉटआधी खोलीचा आवाज हळूहळू खाली आणा.

कात्री :
दोघांनी सोडलेलं सांगतो. ८-बिट फुटेजमध्ये (रंगाच्या छटा कमी असलेल्या) गडद भिंतीवर पट्टे दिसतात आणि ऑनलाइन चढवल्यावर ते आणखी ठळक होतात. कॅमेऱ्यात १०-बिट असेल तर तेच वापरा. शेवटी एडिटमध्ये हलका ग्रेन (बारीक दाणे) घाला, त्याने पट्टे मोडतात. एडिटची टाइमलाइन १०८० असली तरी ४के मध्ये चढवा, चांगला बिटरेट मिळतो, म्हणजे चित्र कमी दाबलं जातं. कार्डावरच्या जागेचाही हिशेब ठेवा : सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी, आणि प्रत्येक कार्ड रिकामं करण्याआधी दोन प्रती.

जागा आधी दिवसा पाहा, मालकाची लेखी परवानगी खिशात ठेवा. कुजलेल्या लाकडी मजल्यावर चढूच नका. वटवाघळांची विष्ठा दिसली तर झाडू नका. वाळलेल्या विष्ठेतली बुरशी फुप्फुसात गेली तर हिस्टोप्लास्मोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. एन९५ मास्क लावा. जनरेटर इमारतीत कधीही चालवायचा नाही. १९२१ मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञ डॉ. विल्मर यांनी एका ‘झपाटलेल्या’ घराची हकीकत छापली होती. पावलांचे आवाज, डोकेदुखी, छातीवर दडपण, आणि कारण निघालं बिघडलेल्या भट्टीतून गळणारा कार्बन मोनॉक्साइड. डिटेक्टर सोबत असू द्या.

पारिजात :
आभार. लाइट बाजूला नेऊन पाहिला, गोळे खरंच गेले. रेकॉर्डर आणि माइक घेतो. मुलाखती गटाने घेतल्या तर वेळ वाचेल, चालेल का?

कात्री :
नको. एकेकट्याला बसवा आणि आधीच्या माणसाने काय सांगितलं ते कळू देऊ नका. प्रत्येकाला तेच विचारा : कुठे उभे होता, उजेड किती होता, ही गोष्ट पहिल्यांदा कुणाकडून ऐकली. तिसऱ्या उत्तरावरून गोष्ट कुठून पसरली ते सापडतं. मृत्यूचा उल्लेख आला की जुनी वर्तमानपत्रं आणि मृत्यूनोंद तपासा. नोंद सापडली नाही तर निवेदनात तसं स्पष्ट सांगा, आणि हयात नातेवाइकांच्या संमतीशिवाय नाव घेऊ नका.