आईने कॅल्शियमच्या गोळ्या तांदळात लपवल्या
दादरची लेक: आई 71 वर्षांची, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय. परवा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, टी-स्कोअर उणे 2.7, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. समोरच्या मावशींनी सांगितलं, कॅल्शियमने हृदयाच्या नळ्या भरतात. झालं! काल भात लावताना डब्यात पूर्ण स्ट्रिप हाती लागली. खरंच धोका असतो का?

परळकर: गोळ्यांबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. जेवणातल्या कॅल्शियमबद्दल मात्र तशी भीती दिसलेली नाही. या वयात दिवसाला 1200 मिलिग्रॅम धरतात. आधी ताटातलं मोजा, कमी पडेल तेवढंच गोळीतून. 100 ग्रॅम नाचणीत 300 च्या वर असतं. आमच्याकडे सासूबाईंना रोज आंबील, वर वाटीभर दही. (मावशींना डेक्सा करायला पाठवा आधी!)

गिरगावची सून: ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? मग कॅल्शियम कार्बोनेटची गोळी नीट शोषली जात नाही, डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकाराबद्दल विचारा. थायरॉइडची असेल तर कॅल्शियम चार तासांनी.

दादरची लेक: अगं, दोन्ही चालू आहेत! आणि लपवायच्या आधी ती सगळ्या मूठभर एकदम गिळायची, सकाळच्या चहाबरोबर. उद्याच डॉक्टरांना फोन करते.