फसलेल्या कामाला काय म्हणायचं? 'अपयश', 'खीळ', 'दुबार पेरणी' आणि इतर

प्रश्न (सोलापूर)

आमच्या हौशी नाट्यगटाचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आहे. यंदा एक नवं नाटक आम्हीच लिहीत होतो आणि लिहिता लिहिता बसवतही होतो. ते उभं राहिलं नाही. दुसरा अंक पुढे सरकेना, त्यातच मुख्य भूमिका करणारी मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेली आणि तालमी थांबल्या. कच्च्या मसुद्यात मी 'या नाटकात आपल्याला अपयश आलं' असं लिहिलं होतं. ते वाचून सगळ्यांची तोंडं उतरली. 'पीछेहाट' म्हटलं तर लढाई आठवते, 'अडचण' म्हटलं तर फारच किरकोळ वाटतं. यासाठी नेमका शब्द कोणता?

उत्तर (पुणे)

ताई, मुलांना 'अपयश' लागला, यात त्यांचा कान पक्का आहे. 'यश' म्हणजे मुळात कीर्ती, नावलौकिक. संस्कृतात 'अपयश' म्हणजे दुष्कीर्ती. मराठीत 'काम न साधणं' हा अर्थ पुढे आला, तरी जुना अर्थ वाक्प्रचारांमधून गेलेला नाही. अपयशाचं खापर फोडतात, अपयशाचा धनी करतात, अपयश पदरी पडतं. कामाचं काय झालं हे या शब्दातून कळत नाही. बोल कुणाला लावायचा, एवढंच कळतं. वर्षभर राबलेल्या मुलांबद्दल तो लिहू नये असं मला ठामपणे वाटतं.

'माघार' आणि 'पीछेहाट' यांतही फरक आहे. माघार आपण घेतो, पीछेहाट आपली होते. तुम्ही बसून विचार करून नाटक थांबवलं असतं, तर 'माघार घेतली' हे सरळ आणि मानाचं वाक्य झालं असतं. पण तसं घडलेलं नाही.

काय बिघडलं ते सांगायला मराठीत क्रियापदं भरपूर आहेत, आणि ती नामांपेक्षा जास्त प्रामाणिक आहेत. बेत फिसकटतो, म्हणजे काम सुरूच झालेलं नसतं. काम रखडतं, म्हणजे सोडलेलं नसतं पण सरकतही नाही. बारगळतं, म्हणजे कुणी सोडलं असं नाही, पण आता कुणी करतही नाही. खोडा घालणारा दुसरा कुणी असतो. खीळ बसते तेव्हा चालतं काम एखाद्या कारणाने थांबतं. नाटक पडतं हे खरं, पण पडायला आधी प्रयोग व्हावा लागतो. तुमचं नाटक पडलेलं नाही.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत, त्यांना एक शब्द शोधू नका. मुलं गेल्यामुळे तालमींना खीळ बसली. दुसरा अंक मात्र अडला. मुलं गावात असती तरी तो अडलाच असता, कारण ती लिहिण्यातली अडचण आहे.

उत्तर (यवतमाळ)

आमच्याकडचे शब्द सांगतो. पेरलेलं उगवलं नाही, तर शेतकरी 'अपयश आलं' म्हणत नाही. तो आधी तासात, म्हणजे पिकाच्या ओळींमधून, फिरून पाहतो की गेलं किती. मधल्या मधल्या जागी बी उगवलं नसेल, तर तिथे पुन्हा बी टोकायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. हे उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत उरकावं लागतं. उशीर झाला तर मागून आलेलं रोप थोराड रोपांच्या सावलीत दबतं, त्याला बोंडं धरत नाहीत. पावसाने ओढ दिली आणि सगळंच करपलं, तर दुबार पेरणी. आणि उभं पीकच ठेवण्यात अर्थ नसेल, तर ते मोडायचं, त्यावर नांगर फिरवायचा.

या तिन्ही शब्दांत नुकसान किती झालं आणि आता काय करायचं, दोन्ही येतं. तुमच्या दुसऱ्या अंकाला नांग्या भरायच्या आहेत, की तो मोडायचाच आहे? हे ठरलं की अहवालाचं वाक्य आपोआप सापडेल.

मात्र एक विनंती. 'दुबार पेरणी' हा शब्द हल्ली भाषणांमध्ये फार हौसेने वापरतात, जणू उमेदीचंच दुसरं नाव. तसा तो नाही. बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, आणि बहुधा कर्जही दुसऱ्यांदा. म्हणून तर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरेपर्यंत पेरू नका, असं दर जूनमध्ये सांगतात. शिवाय दुसऱ्या खेपेला तेच पीक घेता येईल असंही नसतं. जुलैचा मध्य उलटला की सोयाबीन सोडून तूर, बाजरी, सूर्यफूल यांच्याकडे वळावं लागतं. हे सगळं ठाऊक असून कुणी हा शब्द वापरला, तर माझी हरकत नाही.

प्रश्नकर्ती

दादा, मोडायचा नाही, नांग्या भरायच्या आहेत. पण काय भरायचं तेच सुचत नाही. ठेच लागली की माणूस लिहायला लागतो असं सगळे म्हणतात. आम्हाला ठेच लागली, पण सुचलं काहीच नाही.

उत्तर (पुणे)

'ठेच लागली' आणि 'सुचलं' या दोन्हींची बांधणी पाहा: मला ठेच लागली, मला सुचलं. दोन्ही गोष्टी 'मला' होतात, 'मी' त्या करत नाही. म्हणून एकीतून दुसरी आपोआप येते असा समज होत असावा. 'मी' करतो ती क्रियापदं निराळीच आहेत: वाचतो, खोडतो, पाठ करतो, बसवतो.

तुकोबांचं उदाहरण नेहमी देतात: 'बरें झालें देवा निघालें दिवाळें'. 1630 ते 1632 चा दुष्काळ, बुडालेला व्यापार, अन्नावाचून गेलेली बायको, आणि मग अभंग, असा सरळ हिशेब लोक मांडतात. पण 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' या आत्मपर अभंगात तुकोबांनी स्वतः क्रम सांगितला आहे, तो निराळा आहे. दुष्काळाने द्रव्य आटलं, मान गेला. त्यानंतर भंगलेलं देऊळ सावरावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तेव्हा चित्त अभ्यासात नव्हतं हेही सांगून टाकलं. मग संतांची काही वचनं आदराने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. कवित्वाची स्फूर्ती येते ती याच्याही पुढे, आणि तिथे शब्द आहे 'जाली'. केली नाही, झाली. दुष्काळ आणि स्फूर्ती यांच्यामधली ती सगळी कामं वगळून हा अभंग सांगणं मला चुकीचं वाटतं.

उत्तर (कोल्हापूर)

याला जोडून: 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण कलावंतांना फार ऐकवतात. त्यात कलावंताला दगडाची जागा दिलेली आहे. टाकी धरणारा पाथरवट म्हणीत नाहीच. दुःख सोसणाऱ्याला धीर द्यायला म्हण चांगली आहे. लिहिणाऱ्याने, घडवणाऱ्याने मात्र ती स्वतःला लावून घेऊ नये.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अहवालात असं लिहिलं आहे: 'दोन कलाकार बाहेरगावी गेल्यामुळे फेब्रुवारीपासून तालमींना खीळ बसली. दुसरा अंक अडला आहे. तो मोडलेला नाही. दर रविवारी एक जुनी संहिता मोठ्याने वाचायची, असं गटाने ठरवलं आहे.' 'अडला आहे' ऐवजी 'अपूर्ण आहे' असं एकाने सुचवलं होतं. मी 'अडला'च ठेवला.