कोरणे की तासणे? पेनोने यांच्या तुळईवरून आलेली शंका

अनुवादिका : इटालियन शिल्पकार ज्युसेप्पे पेनोने यांच्या ‘बारा मीटरचे झाड’ (१९८०-८२) या शिल्पाविषयीचा मजकूर मी मराठीत आणते आहे. करवतून आलेल्या चौकोनी तुळईतले एक वर्षवलय ते निवडतात आणि त्याबाहेरचे लाकूड काढत जातात; त्या वयाचे कोवळे झाड, फांद्यांच्या खुंटांसकट, आतून प्रकट होते. मी ‘झाड कोरून काढले’ असे लिहिले, त्यावर संपादकांनी ‘कोरणे म्हणजे पोकळी पाडणे, येथे तासणे हवे’ असा शेरा मारला आहे.

सुतारपक्षी : संपादकांचे बरोबर आहे. माझे आजोबा वाकसाने तासत व पटाशीने कोरत, आणि क्रियापदांची अदलाबदल केली की दटावत. मात्र तासणाऱ्याला गाठ नकोशी असते, तर पेनोने गाठ जपतात, कारण गाठ म्हणजे खोडात गाडले गेलेले फांदीचे बूड, आणि भोवतालचे लाकूड गेले की तेच फांदी होऊन बाहेर येते. म्हणून मी ‘सोलणे’ सुचवतो.

व्याकरणवेडा : सोलायला ते केळे नव्हे. आपण दाढी कोरतो, भुवया कोरतो. तेथे कोणती पोकळी पडते? वेरूळचे कैलास लेणे वरून खाली, भोवतालचा खडक काढून घडवले, तरी ते ‘कोरलेले’च. माझ्या मते मूळ ‘कोर’ म्हणजे कड, जशी चंद्रकोर. कड राखून काढणे ते कोरणे.

सुतारपक्षी : मग चतकोर म्हणजे भाकरीची चौथी कड का? कोर म्हणजे तुकडा, एवढे तरी मान्य करावे.

टोरांटोकर : आमच्या येथील आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्ये पेनोने यांचा ‘व्हर्सायचा सीडर’ आहे (आपल्या देवदाराचा भाऊबंद). डिसेंबर १९९९च्या वादळात व्हर्सायला उन्मळून पडलेल्या त्या वृक्षाचे खोड पोखरून आतले तरुण झाड उघडे केले आहे आणि बाहेरचे खोड तसेच ठेवले आहे, म्हणजे तेथे संपादकांचेही ‘कोरणे’ लागू पडते. माझ्या आईने ते पाहून ‘याला दिवस गेलेत की काय?’ असे विचारले होते.

अनुवादिका : आईंचा शब्द मला चोरावासा वाटतो. त्याच लेखात आणखी एक अडचण आहे. १९६८ साली पेनोने यांनी आपल्या गारेसिओ गावाजवळच्या रानात एका झाडाच्या बुंध्याला स्वतःच्या मुठीचा धातूचा साचा जखडला आणि ‘तेवढी जागा सोडून ते वाढत राहील’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे बुंधा त्या हाताभोवती फुगत गेला. ‘झाडाने हात वेढला’ असे लिहावे का?

व्याकरणवेडा : ‘वेढला’ म्हटले की वेल डोळ्यांपुढे येते. आमच्या परसातल्या पेरूने कपडे वाळत घालायची तार गिळली आहे. ‘गिळला’ असेच लिहावे.

सुतारपक्षी : आमच्याकडे ‘खाल्ली’ म्हणतात. असे लाकूड चिरताना आत तार निघाली आणि करवतीचे दात गेले की आजोबा जे म्हणत, ते मात्र येथे लिहिण्याजोगे नाही.