शब्दचर्चा: वाडा, गोंपा आणि देणगीच्या पत्रकातला 'जीर्णोद्धार'

सातारकर
वाईजवळचा एक जुना वाडा आणि लडाखमधला एक गोंपा (बौद्ध मॉनेस्ट्री), दोन्हींच्या कामासाठी एकत्र देणग्या मागायच्या आहेत. इंग्रजी मसुद्यात 'रिस्टोरेशन', 'मॉनेस्ट्री', 'कॉर्पस' असे शब्द आहेत. मराठी पत्रकात जीर्णोद्धार, नूतनीकरण की संवर्धन? आणि 'मॉनेस्ट्री'ला मठ चालेल का?

वाईकर
जीर्णोद्धार नको. शब्द मुळात उत्तम आहे, पण आज देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की जुने उतरवून उभे केलेले आरसीसीचे देऊळच लोकांच्या डोळ्यापुढे येते. देणगीदार तेच मनात धरून पैसे देतो आणि काम झाल्यावर वाडा जुनाच दिसला की हिशेब विचारायला येतो. नूतनीकरण तर त्याहून घातक. ठेकेदार त्याचा अर्थ फरशी, पीओपी आणि सिमेंटचा गिलावा असाच घेतो. संवर्धन सरकारी कागदात रुळले आहे, मात्र त्यातून नक्की काम काय ते कळत नाही.

मथळ्यात 'जतन आणि दुरुस्ती' लिहा. खाली कामे गवंड्या-सुताराच्या भाषेत द्या: कौले उतरवून चाळणे, पन्हळी बसवणे, दर्जा भरणे, खांबाचा बुडखा जोडणे. क्रमही हाच ठेवा. छप्पर गळत असताना भिंतीला हात लावला तर पहिल्या पावसात सगळे पैसे वाहून जातात.

'दर्जा भरणे' याचाही खुलासा करा, कारण सगळी फसगत तिथे होते. सांध्यातला मेलेला चुना सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायचा, धूळ झाडून पाणी मारायचे, मग नवा चुना दाबून भरायचा. कळीचा चुना विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू. सुरखी (विटेची भुकटी) घातली तर तेवढी वाळू कमी. भरल्यावर आठवडाभर ओली गोणपाटे लावून ठेवायची, नाहीतर चुना करपतो आणि बोटाने खरवडला तरी गळतो. सिमेंट विटेपेक्षा कडक असते आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल विटेतूनच वाट काढते, क्षार साचतात, लोणा लागतो. वरचा गिलावा ठणठणीत दिसतो आणि ठोकून पाहिला तर मागे विटेचा भुगा झालेला असतो.

कराडकर
मठ म्हटले की आपल्या जिल्ह्यात चाफळ-सज्जनगडच आठवणार. विहार अर्थाने बरोबर आहे, पण गावोगावी आज विहार म्हणजे बौद्ध वस्तीतले वंदनेचे, सभेचे ठिकाण. लडाखच्या इमारतीला गोंपाच म्हणा. पहिल्यांदा 'गोंपा (बौद्ध भिक्खूंचा विहार)' असे लिहिले की पुढे अडचण नाही.

'कॉर्पस'साठी, म्हणजे कायम ठेवीसाठी, मात्र आपल्याच लेण्यांत तयार शब्द आहे: अक्षयनिवी. मुद्दल कायम, खर्च फक्त व्याजाचा. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने (क्षत्रप नहपानाचा जावई) ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवल्याचा लेख आहे. २,००० वर महिना एक टक्का आणि १,००० वर पाऊण टक्का व्याज. २,००० च्या व्याजातून वर्षावासातल्या (पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या) वीस भिक्खूंची चीवरे (वस्त्रे). म्हणजे रक्कम, ठेवण्याची जागा, दर आणि वापर, चारही गोष्टी दगडात कोरलेल्या. तुमच्या पत्रकात यातल्या किती आहेत ते पाहा.

पावतीवर मात्र 'कायमनिधी' असेच छापा, लेखापरीक्षकाला तोच शब्द कळतो. देणगीदाराने 'ही रक्कम कायमनिधीसाठी' असे लेखी दिले नसेल तर ती चालू देणगी धरली जाते. 'वर्गणी' शब्द पावतीवर नको, गणेशमंडळाची वाटते. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर परदेशी देणगी घेऊच नका. नोंदणी असली तरी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच जमा व्हावी लागते.

इमारत केंद्राचे संरक्षित स्मारक असेल किंवा त्यापासून १०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही आधी परवानगी. ती हातात येईपर्यंत पत्रकात तारीख घालू नका.

आटपाडीकर
गोंप्याच्या छपराला 'मातीचा स्लॅब' वगैरे म्हणू नका. आपल्या माणदेशात त्याला माळवद म्हणतात आणि रचनाही जवळजवळ तीच. तिकडे पॉपलरच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या (तालू) खेटून, मग गवत, चिखल आणि सर्वांत वर मार्कालाक नावाची पाणी अडवणारी माती. आपल्याकडे तुळया, कड्या, किलच (आडव्या लाकडी चिपा), पाला, चिखल आणि वर पांढरी माती. माणदेशातल्या वाचकाला हे दोन ओळीत कळेल.

बिघाडही सारखाच. दरसाल जुन्या थरावर नवी माती चढत जाते, वजन वाढते, तुळई वाकते, मधोमध खळगा पडून पाणी साचते. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिमीच्या आसपास पाऊस, पण तो एकदम कोसळला की पाझरलेल्या चिखलाचे ओघळ भिंतीवरच्या चित्रांवर उतरतात. म्हणून कामाचे नाव 'माती टाकणे' नको. 'जुनी माती उतरवून, तुळया तपासून नवा थर' असे लिहा. खर्चाचा मोठा भाग उतरवण्यातच जातो आणि तो आधी सांगितला नाही तर अंदाजपत्रक फसते.

लडाखमधल्याच बास्गो गावच्या मैत्रेय मंदिरांचे काम गावच्या समितीने उभे केले, त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार २००७ साली मिळाला. तुमच्याकडेही गावकरी राबणार असतील तर 'श्रमदान' असा वेगळा रकाना ठेवा, रोख देणगीत मिसळू नका.

सातारकर
मग मसुदा असा करतो: 'वाडा व गोंपा: जतन आणि दुरुस्ती. दुरुस्ती निधी: छप्पर, पन्हळी, दर्जा, बुडखे, गोंप्याचे माळवद उतरवून नवे. कायमनिधी (अक्षयनिवी): दरवर्षीच्या देखभालीसाठी, खर्च फक्त व्याजातून.' पावतीपुस्तके दोन वेगळी छापून घेतो.

वाईकर
'छप्पर'च्या जागी वाड्यापुरते 'कौले व वासे' लिहा. वासे बदलावे लागले तर ते कुठून आणले असे विचारणारा कुणीतरी निघतोच.